नाकुंडाचा चागा

म्वेंबेनीच्या छावणीवर परदेशी विद्यार्थ्यांची गाडी आली, की पूर्वी सगळ्यात आधी शिव्या ऐकू यायच्या. गाडी चालवणारा मसावे खाली उडी मारायचा, आखडलेल्या पाठीला एक झटका द्यायचा आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा, "ए पारीण! मागच्या वर्षीचे मका-घेवड्याचे मकांडे संपले का, की अजून तेच ऊन करून वाढतेस?"

आतून नाकुंडा बाहेर यायची. ठेंगणी, रुंद बांध्याची, डोक्याला फडकं, हातात लाकडी डाव. मसावेकडे ती बघायचीसुद्धा नाही. गाडीतून उतरणाऱ्या पोरांकडे बघत म्हणायची, "कुणीतरी पोरं मोजून घ्या रे. चागा गाडी चालवत होता, वाटेत एखादं विकलं असेल."

मग दोघं हसायची आणि सामान उतरवायला सुरुवात व्हायची.

नाकुंडा पारे, मसावे चागा. पारे लोक इथल्या कोरड्या डोंगराचे. चागा लोक तिकडचे, किलिमांजारोच्या उतारावरच्या केळीच्या बागांतले. या दोन जमातींत उतानी चालते. आपल्याकडे मेहुणा-मेहुणीत जी थट्टा चालते, ती इथे अख्ख्या जमातीची अख्ख्या जमातीशी. उताणं पडण्याशी या शब्दाचा काही संबंध नाही, जरी तिच्यापायी हसून उताणे पडलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. चाग्याने पारेला चिक्कू म्हणायचं, खटलेबाज म्हणायचं. पारेने चाग्याला पैशासाठी आई गहाण टाकणारा म्हणायचं. रागवायचं कुणी नाही. जो रागावला तो हरला.

आणि उतानीची खरी गरज लागते ती घरात मयत झाल्यावर. घर रडत असतं तेव्हा उतानीवाला येतो आणि मेलेल्याची टिंगल सुरू करतो. त्याच्या चालण्याची नक्कल करतो, खणलेल्या खड्ड्यात स्वतःच जाऊन आडवा होतो, बिअर पाजा नाहीतर उठत नाही म्हणून अडून बसतो. रडणारी माणसं हसतात, आणि मग माती लोटायला त्यांच्या हातांत बळ येतं. ज्या मयताला उतानीवाला आला नाही, त्या घराची लोक कीव करतात.

"तू मेलास ना," नाकुंडा मसावेच्या ताटात भात वाढता वाढता म्हणायची, "की मी येणार आणि तुझ्या कानाशी नाणी वाजवणार. चागा खरंच मेला की झोपलाय, हे कळायला दुसरा उपाय नाही. उठला नाहीस तरच पुरू देईन."

"नाणी आणशील कुठून? जातीची पारीण तू. शेजारणीकडून उसनी आणशील, वाजवशील आणि परत नेऊन देशील."

हे बोलणं इतक्या वेळा झालं होतं, की मधलं वाक्य कुणी विसरलं तर चूल फुंकणारी बाई ते भरून द्यायची.

छावणी गावाच्या कडेला होती. रस्ता ओलांडला की अभयारण्य. इथल्या थंडीच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैपासून, कॅनडातून शाळेची पोरं तुकड्या-तुकड्यांनी यायची. अर्धे दिवस मसावे त्यांना जंगलात न्यायचा. हत्ती, जिराफ, कुंपणातले काळे गेंडे, आणि नशीब जोरावर असेल तर रानकुत्री दाखवायचा. उरलेले अर्धे दिवस ती पोरं गावच्या शाळेत सेवा करायची. म्हणजे विटा वाहायची, रोपं लावायची, भिंती रंगवायची. शाळेच्या एका भिंतीची सेवा इतक्या तुकड्यांनी केली होती, की नुसत्या रंगाने ती जाड झाली होती. गावाची तक्रार नव्हती. पोरं मनापासून घाम गाळायची, आणि घाम गाळणाऱ्याला नावं ठेवू नयेत एवढं गावाला कळत होतं.

नाकुंडाचा नवरा सेंझिगे त्याच शाळेचा रात्रीचा राखणदार. मितभाषी माणूस, एक पाय ओढत चालणारा. तरुणपणी शेजाऱ्याच्या बकरीने त्याचं चवळीचं शेत खाल्लं म्हणून तो कोर्टात गेला होता आणि खटला संपेपर्यंत बकरी म्हातारी होऊन मेली होती. मसावेला ही गोष्ट कुणीतरी सांगितली, आणि सेंझिगेचं सुख तिथेच संपलं. मसावे भेटला की आधी बकरीची तब्येत विचारायचा.

त्या वर्षी एका तुकडीत टेसा नावाची मुलगी होती. ती वर्षभर स्वाहिली शिकून आली होती. इतर पोरं संध्याकाळी फोनला सिग्नल शोधत फिरायची, ही स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून नाकुंडाला बटाटे सोलून द्यायची. मुलगी वाईट नव्हती. उलट फार चांगली होती, म्हणूनच पुढचा घोळ झाला.

एका संध्याकाळी मसावे चहाला आला आणि म्हणाला, "पारिणी, तुझा नवरा रात्रपाळी का करतो ठाऊक आहे? दिवसा तू इथे असतेस आणि रात्री तू घरी असतेस. तुझ्या तोंडापेक्षा त्याला बिबट्या परवडतो."

"बिबट्याचं काय सांगतोस! तुझ्या बायकोने तर तुझ्यापेक्षा जंगल बरं म्हणून तुला इथे सोडलंय," नाकुंडा म्हणाली.

टेसाला पहिलं वाक्य पूर्ण कळलं. दुसरं नाकुंडाने भरभर म्हटल्याने निसटलं. तिने सोललेला बटाटा पातेल्यात टाकला, उठली आणि सरळ मिस डोरनकडे गेली.

मिस डोरन त्या वर्षीच आलेल्या नव्या व्यवस्थापक. त्यांनी नाकुंडाला चिंचेखाली बोलावलं, खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने चहा दिला. नाकुंडा खुर्चीच्या कडेवर बसली. छावणीत तिला खुर्ची कुणी दिली नव्हती, आणि चहा तर तिनेच केलेला होता.

"मसावे तुम्हाला वाईट बोलतात, असं मी ऐकलं," मिस डोरन पुस्तकी स्वाहिलीत सावकाश म्हणाल्या. "खरं आहे का? घाबरू नका."

नाकुंडाचा चेहरा उजळला. बाईंना तिच्या चाग्याची कीर्ती ऐकायची होती तर!

"बोलतो म्हणजे! या रस्त्यावर त्याच्या तोंडाचा दुसरा चागा दाखवा मला. काल म्हणाला, माझ्या नवऱ्याला बिबट्या परवडतो. परवा म्हणाला, माझ्या मकांड्यातले दाणे माझ्या लग्नातले आहेत. नवऱ्याच्या लंगडण्याची नक्कल तर अशी करतो, की नवरा स्वतः चुकतो."

"आणि हे कधीपासून चाललंय?"

"पहिल्या दिवसापासून! एक दिवस खाडा नाही."

"आणि तुम्ही आजवर काहीच बोलला नाहीत?"

"मी? मी त्याच्या आईपर्यंत जाते!"

मिस डोरननी तिचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नाकुंडाला वाटलं, लंगडण्याची गोष्ट बाईंना फारच आवडली. तरी त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी बिनसलेलं तिला दिसलं, म्हणून तिने घाईघाईने सांगितलं, "ही उतानी आहे हो बाई. उतानी."

"उतानी म्हणजे विनोद. मला माहीत आहे," मिस डोरन हळूच म्हणाल्या. "असं वागणारे सगळेच नंतर म्हणतात, की तो विनोद होता."

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मसावे आला. इस्त्रीचा सदरा, हातात टोपी. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "नाकुंडाताई, माझ्या बोलण्याने आजवर आपल्याला त्रास झाला असेल, तर मी आपली माफी मागतो."

नाकुंडाने मागे वळून बघितलं. तिला वाटलं, तिच्या पाठीशी कुणी मोठी बाई येऊन उभी आहे.

तेव्हापासून 'आपण' सुरू झालं. आपण कशा आहात. जेवण उत्तम झालं, ताई. आपले आभार. नाकुंडाने त्याला हरतऱ्हेने डिवचून पाहिलं. पोरांसमोर त्याला नोटांचा हावरट म्हणाली, त्याच्या केळ्याच्या बिअरला गाढवाचं मूत म्हणाली. एकदा तर त्याच्या एकट्याच्या ताटात मूठभर मीठ घातलं. मसावेने ते ताट शेवटच्या घासापर्यंत संपवलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "धन्यवाद, ताई." त्या दिवशी मात्र नाकुंडा चुलीमागे जाऊन रडली. आयुष्यात तिचा इतका अपमान कुणी केला नव्हता.

शेवटी एकदा तो एकटा पाणी भरायला आला, तेव्हा तिने त्याची वाट अडवली.

"तोंड शिवलंय का रे तुझं?"

मसावेने इकडेतिकडे बघितलं. "बाई म्हणाल्या, पुन्हा एक शब्द कानावर आला तर घरी जा. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे माझी. तिला पास होऊ दे." मग आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, "निकाल लागला की सगळं व्याजासकट फेडतो. तोवर तुझ्या पाया पडतो, मला बोलायला लावू नकोस. आणि मला सांग, बाईंना ती माझी बिबट्याची गोष्ट कुणी सांगितली?"

नाकुंडाने मान खाली घातली. "मीच."

"का?"

"चांगली होती म्हणून."

मसावेच्या ओठांचा कोपरा हलला. पण पायरीकडून टेसा येताना दिसली, तसा तो म्हणाला, "येतो, ताई," आणि पाण्याचा डबा उचलून गेला.

त्या तुकडीचा शेवटचा आठवडा चालू असतानाच सेंझिगे गेला. रात्रपाळी करून आला, छातीत कळ आली म्हणाला, आणि दवाखान्याची गाडी येण्याआधीच संपला.

मातीला सगळं गाव आलं. मिस डोरन विद्यार्थ्यांनाही घेऊन आल्या. शोकात सोबत करणं ही सुद्धा सेवाच, असं त्यांनी पोरांना सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नाही. त्या सगळ्यांना गाडीतून मसावेच घेऊन आला.

तो गाडीतून उतरला तेव्हा अंगणातलं रडणं जरासं थांबलं. बायकांनी पदर तोंडावरून बाजूला केले. सेंझिगेचा धाकटा भाऊ फावडं टेकवून उभा राहिला. खड्डा तयार होता. चागा आला होता. आता तो पाय ओढत चालणार, मेलेल्या बकरीला साक्षीला बोलावणार, सेंझिगेवर वरच्या कोर्टात खटला गुदरणार. मग सगळ्यांना हसू फुटणार आणि नाकुंडाच्या छातीवरचा दगड बाजूला होणार. नाकुंडाने मान वर केली आणि वाट बघत राहिली.

मसावेने एकदा मिस डोरनकडे बघितलं. मग सरळ, ताठ, न लंगडता तो तिच्यासमोर आला, दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि म्हणाला, "फार वाईट झालं, ताई. आपल्या दुःखात मी सहभागी आहे."

एका म्हातारीने शेजारणीला मोठ्याने विचारलं, "हा कोण? बँकेतून आलाय का?"

कुणी हसलं नाही. खड्ड्यात कुणी आडवं झालं नाही. सेंझिगेला नुसतं पुरलं. माती पडल्याचा आवाज सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला, कारण दुसरा आवाजच नव्हता.

परतताना मसावे तिच्या जवळून गेला. नाकुंडा त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली, "लक्षात ठेव. तुझ्या मातीला मीही अशीच येईन. हात जोडून. ताईसारखी."

मसावेने टोपी मुठीत चुरगळली आणि तो गाडीकडे वळला.

टेसाची तुकडी गेली. जाताना ती नाकुंडाच्या गळ्यात पडून रडली. नाकुंडाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, कारण पोर आपल्या जागी बरोबरच होती. आणखी दोन तुकड्या आल्या, हंगाम संपला, मसावे वर डोंगरावर आपल्या घरी गेला. नाकुंडाने त्याचा निरोपसुद्धा घेतला नाही.

नाताळ जवळ आला. सगळे चागा गावोगावहून घराकडे निघतात ते दिवस. एका सकाळी छावणीच्या दुसऱ्या ड्रायव्हरचा फोन आला. मसावे गेला. काविळीचं निमित्त झालं, महिनाभर अंथरुणात होता. उद्या माती.

धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, जाऊ नका. तो आपल्या दारी परक्यासारखा आला. तुम्ही त्याचं काही देणं लागत नाही."

"म्हणून तर जाते," नाकुंडा म्हणाली. "जसा आला तशी जाते."

मोठं लुगडं नेसून ती पहाटेच्या बसमध्ये बसली. वाटभर तिने वाक्य पाठ केलं. फार वाईट झालं, ताई. आपल्या दुःखात मी सहभागी आहे. आधी राग आला की ते वाक्य छान बसायचं. मग मिठाच्या ताटाची आठवण यायची आणि वाक्यातला एखादा शब्द हरवायचा. तिकिटाचे सुटे पैसे परत देताना कंडक्टरने तिच्या तळहातावर नाणी ओतली. तिने ती मुठीत धरली आणि उतरेपर्यंत पिशवीत टाकायची राहूनच गेली.

मसावेचं घर केळीच्या बागेत होतं. अंगण माणसांनी भरलं होतं, पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. पेटीचं झाकण नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. गर्दीच्या कडेला मिस डोरन फुलांचं चक्र घेऊन उभ्या होत्या. नाकुंडाला बघताच त्या पुढे आल्या. "तुम्ही आलात. म्हणजे तुम्ही त्यांना माफ केलंत."

"माफ?" नाकुंडा म्हणाली. "त्याचाच विचार चाललाय."

मसावेची बायको पेटीशी बसली होती. शेजारी मुलगी, पांढऱ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. नाकुंडा त्यांच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले, आणि "फार वाईट..." इथपर्यंत आली.

"तूच का ती पारीण?" मसावेच्या बायकोने विचारलं.

नाकुंडाने मान हलवली.

"ये बाई. सकाळपासून खोळंबलोय. झाकण लावू देत नव्हता. मरताना बजावून गेलाय, ती पारीण आल्याशिवाय खिळे ठोकायचे नाहीत. मी म्हटलं, ती येणार आहे कशावरून? म्हणाला, येईल. तिचं माझ्याकडे देणं राहिलंय, पारे बाई सोडायची नाही."

मुलगी म्हणाली, "निकाल लागला त्या दिवशी बाबा उठून बूट शोधत होते. म्हणे, म्वेंबेनीला जायचंय, एका बाईला शिव्या द्यायच्यात. पण त्यांना उभंच राहता आलं नाही."

नाकुंडाचे पुढे केलेले हात तसेच राहिले. मग तिने एक हात मागे घेतला, पेटीवर वाकली, आणि मूठ मसावेच्या कानाशी नेऊन खुळखुळवली.

"अरे चागड्या," नाकुंडा मोठ्याने म्हणाली, "पैसे! ऐकू येतंय का? आणि उसने नाहीत हां. बसच्या कंडक्टरने दिलेत, तोही चागाच, दोनदा मोजून दिलेत हरामखोराने."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ती पुन्हा खुळखुळवू लागली. "ऊठ! नोकरी टिकवायला माझं मीठ खाल्लंस मूठभर, आणि आता नाणी वाजली तरी उठत नाहीस? की पाद्रीबाबांना भ्यायलास? सवयच आहे तुला!"

"नाण्यांनी काय होतंय," मसावेची बायको डोळे पुसत म्हणाली. "नाण्याला तो जिवंतपणीही उठत नव्हता. नोट दाखव."

अख्खं अंगण हसलं. पाद्रीबाबा पुस्तकाआड हसले. मसावेची मुलगी हसता हसता आईच्या खांद्यावर कोसळली आणि तिला एकदाचं मोकळं रडू फुटलं. मिस डोरन हातात चक्र धरून एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या. बघता बघता त्यांनी ते चक्र हळूच खाली ठेवलं आणि तोंडावर हात घेतला.

नाकुंडाने पिशवीतून घडी घातलेली नोट काढली, उलगडली आणि मसावेच्या नाकासमोर धरली. बराच वेळ धरली. हसणारे लोकही थांबून बघत राहिले.

"नोटेलाही उठत नाही," ती म्हणाली. "म्हणजे खरंच गेला ग हा."

आणि ती पेटीच्या कडेला डोकं टेकवून ओक्साबोक्शी रडू लागली. आपल्या नवऱ्याच्या मातीलासुद्धा तिला असं रडता आलं नव्हतं.

मग भिंतीला टेकवलेलं झाकण आणलं आणि खिळे ठोकले.